आक्काचं मागणं

तेबुआइ माडावर होता आणि गात नव्हता, एवढ्यावरूनच तिरोइयाला कळायला हवं होतं. रस काढायला चढलेला माणूस गातो. खाली कुणी आंघोळ करत असेल, कुणी नवरा-बायको भांडत असतील, त्यांना कळावं की वर दोन डोळे आहेत, म्हणून गातो. तेबुआइचा आवाज काही फारसा गोड नव्हता, मधेच चिरकायचा, पण लग्न होऊन ती बेशिओ बेटावर आल्यापासून सकाळ-संध्याकाळ तो आवाज वरून येत होता, आणि मिनीबसमधून उतरल्यावर तो कानावर पडला की तिला वाटायचं, चला, संपला एकदाचा दिवस. आज ती उतरली, बर्फाच्या कारखान्यात गारठलेली बोटं लुंगीला चोळत विहिरीपाशी आली आणि वर बघते तर नवऱ्याचे तळवे दिसतायत, कोयती चालतेय, पण आवाज नाही. मग तिची नजर अंगणातल्या मचाणावर गेली. तिथे माएवे आक्का बसली होती, तेबुआइची मोठी बहीण. चुण्यांचं नवं पोलकं, केसांना खोबरेल, मांडी घालून ताठ बसलेली, हात मांडीवर. भावाच्या घरी कुणी असं बसत नाही. भावाच्या घरी माणूस लोळतो, पंखा मागतो, कढईत काय आहे ते बघतो. तिरोइयानं चालता चालताच चेहरा नीट केला, कारण आक्कानं तिला पाहिलं होतं.

"आलीस? बोटं आहेत का सगळी?" आक्कानं विचारलं. हा तिचा नेहमीचा विनोद होता. "आहेत. सुटताना मोजून देतात," तिरोइयानं नेहमीचं उत्तर दिलं आणि दोघी हसल्या. मग चहा झाला, चहात घालायची माडाच्या रसाची काकवी झाली, काकवी यंदा पातळ आहे हे बोलून झालं. नीरफणसाची पानं कडेनं पिवळी पडतायत, मुळांना खारं पाणी लागलं असणार, हेही झालं. आक्का बोलत होती ते सगळं बरोबर होतं, नको तितकं बरोबर. ती बाइरिकीहून पूल ओलांडून आली होती, तीही भरतीच्या वेळी, पुनवेच्या उधाणाच्या दिवशी. पाणी अंगणात आलं की उतरेपर्यंत कुणाला कुठे जाता येत नाही हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. म्हणजे ती बसायच्या तयारीनंच आली होती. तिरोइया कप विसळायला म्हणून उठली आणि विसळत उभी राहिली. तिला वाटलं, हिला तांदूळ हवे असतील. नाहीतर चटई. ही आता परदेशी चाललीय, आणि परदेशी जाणाऱ्या माणसाला चटया लागतात, तिथे म्हणे जमीन थंड असते. द्यावी, मोठी चटई देऊन टाकावी, तीन पदरी विणलेली, ती धान्याच्या पोत्यात दडवलेली, देऊन टाकावी एकदाची.

कारण दडवायचं ते शेवटी कुणासाठी. तिरोइया चांगल्या वस्तू दडवायची. सगळ्याच बायका दडवायच्या, ती जरा जास्त. जे दिसेल ते कुणीतरी मागणार आणि मागितलं की द्यायचं, यात कुणाचं काही वाईट नव्हतं. उद्या तुझी वेळ आली की तूही मागशील आणि तुलाही मिळेल, असंच सगळ्यांचं चाललेलं. तिची शिवणाची मशीन तिच्या मामेबहिणीनं मागितली, तिनं दिली. सायकल तेबुआइच्या चुलतभावानं नेली. एकदा तर अंगावरचं पोलकं कुणीतरी "छान आहे गं" म्हणालं आणि पुढचं वाक्य यायच्या आत तिनं आत जाऊन ते उतरवून जुनं घातलं होतं. 'नाही' म्हणायची पद्धतच नव्हती. म्हणजे तो शब्द होता, दुकानात होता, बसमध्ये होता, "डबाबंद मासे आहेत का? नाहीत." पण समोर बसून, मान खाली घालून, आपल्या माणसानं मागितल्यावर तो शब्द तोंडात येत नसे. तिथे तो नसेच. लोक फार तर खोटं बोलत. मशीन मोडलीय. चटई आधीच कबूल केलीय. तिरोइयाला खोटं बोलायचं जिवावर यायचं, म्हणून ती आधीच झाकून ठेवायची. नवं ब्लँकेट गोणपाटात. चांगली सुरी छपराच्या झापांत. कर्ज काढून घेतलेल्या पाण्याच्या टाकीलासुद्धा तिनं जुनी ताडपत्री गुंडाळली होती, जणू आत काहीच नाही. आणि एवढं सगळं झाकून झाकून, एवढी शहाणी बाई, जुलैच्या नाचात तिनं आपल्या पोरीला, एरेतीला, पहिल्या रांगेत बसवलं.

ते आठवलं आणि कप तिच्या हातातून सुटला, वाळूत पडला, फुटला नाही. पहिल्या रांगेत, मधोमध. स्वतः तिचे केस विंचरले, स्वतः कमरेला पानं बांधली, खांद्यांना तेल लावलं, उन्हात चमकावेत म्हणून. सात वर्षांची पोर. तिनं दोन्ही हात पसरून मान एकदाच झटक्यानं वळवली, समुद्रावरचा मोठा पक्षी वळवतो तशी, आणि सभाघरातल्या म्हाताऱ्या बायका ओरडल्या. तिरोइयाला तेव्हा असा काही अभिमान वाटला होता की तिनं आजूबाजूला नीट पाहिलंच नाही. कोपऱ्यात खांबाला टेकून माएवे आक्का बसली होती आणि ढसाढसा रडत होती. नाच बघून रडायला येतंच, त्यात काय एवढं. पण ती रडत होती एरेतीकडे बघत. ब्लँकेट झाकलं, सुरी झाकली, आणि पोरगी सगळ्या गावासमोर उघड्यावर मांडून ठेवली. दुसरी कुणी असं करती तर तिरोइयानंच तिला वेड्यात काढलं असतं.

ती मचाणाकडे परत आली तेव्हा आक्कानं हात मांडीवरून काढून गुडघ्यांवर ठेवले होते आणि मान खाली घातली होती. "तिरो, बस," ती म्हणाली, "मी बुबूती करायला आलेय." मागायला आलेय. मग तिनं नाव घेतलं. "एरेती मला दे. माझी म्हणून नेईन. महिन्याभरात जायचंय, कागद होतात तेवढ्यात, मी विचारलंय." एवढंच. मागणारा पुढे काही बोलत नाही. माडावर कोयतीचा आवाज थांबला. रेतीच्या पोत्यांच्या बांधापलीकडे पाणी चढत होतं ते आता पोत्यांच्या मधल्या फटींतून आत यायला लागलं होतं, बारीक, अगदी आवाज न करता. शेजारच्या घरात रेडिओवर बोटींची वेळ सांगत होते. तिरोइया मांडी घालून समोर बसली. तिला आता उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर एकच होतं, आणि ते द्यायला माणूस थोडा वेळ घेतो, कारण लगेच दिलं तर वाटतं की वस्तू फारशी प्रिय नव्हती.

पहिल्या वेळेला तिनं एवढाही वेळ घेतला नव्हता. तेव्हा चहाचा कप तिच्या हातात होता. तेबुआइचा काका आला होता मायाना बेटाहून, मूलबाळ नसलेला, लांबलचक हातांचा गप्प माणूस. त्यानं तिचा मुलगा, बाउरो, मागितला. बाउरो दोन वर्षांचा होता. तिरोइया "बरं" म्हणाली होती, आणि मग तो कप तिनं पूर्ण प्यायला होता, गार होईपर्यंत थांबलीसुद्धा नव्हती. सगळे म्हणाले किती मोठ्या मनाची आहे. तिलाही तसंच वाटलं होतं. मूल कुठे जगाबाहेर जाणार होतं, पलीकडच्या बेटावर तर जाणार, आपल्याच माणसात. काकाच्या घरी त्याच्यावर जीव टाकणारी दोन माणसं होती, इथे तिला दिवसभर बर्फ फोडायचा होता. यात दुःखाचं काय आहे. होडीत बसताना पोरगा रडला नाही, तो पाण्यातल्या माशांना हात करत होता. दुःख पुढे कधीतरी आलं, आणि तेही अशा वेळी की कुणाला सांगायची सोय नाही. नाताळात बाउरो आला होता, नऊ वर्षांचा, चांगला उंच झालेला, शिस्तीचा. तो मचाणाच्या कडेला बसला आणि भाजलेल्या नीरफणसाच्या फोडीकडे बघून म्हणाला, "घेऊ का?" तिच्या हातचं घेण्याआधी त्यानं विचारलं. ती म्हणाली, घे ना. आणि मग विहिरीमागे जाऊन ओहोटीच्या चिखलात शिंपल्या वेचायला बसली, उन्हं उतरेपर्यंत वेचत बसली, घरात कुणाला शिंपल्या नको असताना.

तर एरेतीही कधीतरी असंच विचारेल. घेऊ का. विमानातून उतरून, जाड कोट घालून, गोरीगोमटी होऊन. नाही, गोरी कशानं होईल, तिथे काय ऊन नसतं? असतं. तिरोइयाला त्या देशाबद्दल जे माहीत होतं ते सगळं कारखान्यातल्या बायकांकडून. तिथे जमीन उंच-सखल असते, एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला घर यांच्यामध्ये डोंगर असतो, दिसत नाही पलीकडचं. तिला ही गोष्ट कधी नीट कळलीच नव्हती. दिसत नाही म्हणजे काय? इथे तर दिसण्यावाचून सुटकाच नाही. घरातून निघून उजवीकडे चाला, समुद्र. वळा, रस्ता ओलांडा, डुकरांच्या खुराड्यामागून जा, पुन्हा समुद्र, हा उथळ, हिरवट, दुसऱ्या बाजूचा. मधल्या पट्ट्यात आपण, आपली मेलेली माणसं, त्यांच्या थडग्यांवर वाळत घातलेले कपडे, विहीर, संडास, चर्च, पुन्हा घर. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती रडायला म्हणून कुठे तरी एकटी जायची जागा शोधत होती. घरून निघाली, एका समुद्रापाशी गेली तर तिथे पोरं पोहत होती. दुसऱ्या समुद्रापाशी गेली तर सासूच जाळं धूत होती. "काय गं, काय हवंय?" सासूनं विचारलं होतं. काही नको, म्हणून ती परत आली आणि रडायचं राहूनच गेलं. ती सासू आता अंगणातच होती, सिमेंटच्या चौथऱ्याखाली, आणि पाणी तिच्या पायथ्याशी आलं होतं. त्या देशात कुणाला जायला मिळणार याची दरवर्षी सोडत निघायची, आणि दरवर्षी तिरोइया तीत आपलं नाव घालायची. तेबुआइला न सांगता घालायची, कारण तो म्हणाला असता, माडांना कोण बघणार. तिचं नाव कधी आलं नाही. आक्काचं पहिल्याच वेळी आलं. तेव्हा सगळे नाचले, तिरोइयाही नाचली, आणि नाचता नाचता तिला आक्काचा इतका हेवा वाटला की दात दुखायला लागले.

"पाय वर घे," आक्का हळूच म्हणाली. पाणी मचाणाखाली आलं होतं. तिरोइयानं पाय वर घेतले. दोन चपला तरंगत अंगणातून निघाल्या होत्या, त्या एरेतीनं पकडल्या. पोरगी कधी आली, कुठून आली, गुडघाभर पाण्यात उभी होती, चपला हातात धरून, आणि त्या दोघींकडे न बघता मचाणाच्या खांबापाशी खेळायला लागली. सगळं ऐकू येत होतं तिला. मुलं नेहमीच सगळं ऐकतात, म्हणून त्यांच्यासमोर कुणी काही लपवत नाही. तिरोइयाला वाटलं, हिच्या मानेवरच्या फोडांना आज मलम लावायचं राहिलं. विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घातली की फोड येतात, आणि टाकीचं पाणी आंघोळीला पुरत नाही, पाऊस लांबलाय. कारखान्यात फातुमा नावाची एक होती, ती परवाच म्हणाली होती, माझ्या पोरांना कुणी मागितलं ना, कडेवर घेऊन विमानतळावर सोडून येईन, सुटतील तरी. सुटतील. कशातून सुटतील? पाण्यातून, फोडांतून, पोत्यांच्या बांधातून, हो. हे खरंच होतं, आणि तिरोइयाला माहीत होतं की खरं आहे. पोरीच्या भल्याचं बघायचं तर एवढा वेळ घ्यायचीही गरज नव्हती. मग अडत कुठे होतं? ते भल्याबिल्याचं नव्हतं. ते अगदी साधं होतं: ही माझी आहे आणि मला ती द्यायची नाही. एवढं लहान, एवढं कंजूष वाक्य. मोठ्या मनाची बाई.

आता तिनं खोटं शोधायला घेतलं. आजारी आहे म्हणावं? आक्का दवाखान्यातच काम करते. माझ्या आईला कबूल केलीय म्हणावं? आई वारली तेव्हा आक्कानंच तिला तेल लावलं होतं. मशीन मोडते, सायकल मोडते, पोरगी मोडलीय असं सांगता येत नाही. तेबुआइला विचारते म्हणावं? पण तेबुआइ तर वर होता आणि उतरत नव्हता. रस केव्हाच निघाला असणार, शहाळ्याच्या करवंटीत माश्या पडायला लागल्या असणार, पण तो शेंड्याला मिठी मारून बसला होता, कारण खाली त्याची बहीण होती आणि बायको होती आणि दोघींपैकी एकीला त्याला काहीतरी म्हणावं लागलं असतं. त्याला आधीच माहीत होतं. आक्कानं त्याला आधी सांगितलं असणार, आणि तो मूग गिळून माडावर चढला असणार. तिला त्याचा राग आला, मग दयाही आली. या बेटावर पुरुषाला लपायला तेवढीच एक उंच जागा होती.

"मला माहितेय तू बाउरो दिलायस," आक्का म्हणाली. मागणाऱ्यानं बोलू नये, पण ती बोलली, मान खाली घालूनच. "मी दोनदा आले आणि पुलावरून परत गेले. तिथे म्हाताऱ्यांच्या घरात काम आहे, त्यांना उठवायचं, बसवायचं. ते काम मला येतं. पण संध्याकाळी खोलीत आले की काय करू मी, तिरो? माझ्याशी कोण बोलणार? मी कधी एका खोलीत एकटी झोपले नाहीये गं. जन्मात नाही." मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी, तिनं पोलक्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवले.

तेव्हा तिरोइयानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.  आक्का भ्यालेली होती. नाच, मेजवान्या, अभिनंदनं, सगळं झालं, तिकीट झालं, आणि आता ती भ्यालेली होती आणि कुणाला सांगू शकत नव्हती, कारण ज्या चिठ्ठीसाठी अख्खं गाव टाचा घासतं ती मिळाल्यावर नको कसं म्हणणार? तीही अडकली होती. आणि या जाणिवेबरोबर तिरोइयाच्या मनात दुसरं काहीतरी आलं, इतकं उघड, इतकं हाताशी असलेलं की ते आधी का सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. देणाऱ्यालाही मागता येतं. दिल्यानंतर मागता येतं, देण्याआधीही येतं, कुणी अडवलं नाहीये. फक्त कुणी मागत नाही, कारण असं उलटं मागणं म्हणजे तोंडावर थुंकणं. जास्त मागणाऱ्याची लोक वर्षानुवर्षं आठवण काढतात. ही ती, नवऱ्याच्या बहिणीकडून जिनं असं मागितलं. बसमध्ये म्हणतील, विहिरीवर म्हणतील. तिची पोरं मोठी झाली तरी म्हणतील. म्हणू देत. 

तिनं हात गुडघ्यांवर ठेवले. मान खाली घातली. "आक्का," ती म्हणाली, "मीपण मागते."

आक्कानं मान वर केली नाही.

"तुझं जाणं मला दे."

पाण्यात चपला आपटल्याचा आवाज थांबला. शेजारचा रेडिओ चालूच होता. तिरोइयाला वाटलं आता आक्का उठेल, हसेल, शिवी देईल, काहीतरी करेल. तिला वाटलं हे शब्द मागे घ्यावेत, हसण्यावारी न्यावेत, गंमत केली गं, घेऊन जा पोरीला. तिला हेही वाटलं, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली, की आक्काचं जाणं हातात आलं तर त्याचं ती काय करणार? ते तिला अंगात घालता येणार नव्हतं, सोडतीतलं नाव दुसऱ्याला लागत नाही, आक्का जाणार नाही एवढंच. ते कुणाच्याच कामाचं राहणार नव्हतं. मागून घेतलेली मशीन तिच्या मामेबहिणीच्या घरी गंजत पडली होती, तिला शिवता येत नव्हतं.

 आक्कानंही वेळ घेतला, रीतीप्रमाणे. मग तिनं मान वर केली आणि तिरोइयानं तिचा चेहरा पाहिला तर तो सैल झाला होता. जबडा, कपाळ, डोळ्यांखालची कातडी, सगळं सैल. एखाद्या बाईला घट्ट पोलकं काढल्यावर होतं तसं. "घे," आक्का म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "घे, दिलं." आणि लगेच ओढणीनं तोंड पुसावं तसं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाली, "काकवी आणखी आहे का? पातळ असली तरी चालेल."

वरून तेबुआइ उतरायला लागला. त्याचे तळवे सालीवर घासत खाली आले आणि तो पाण्यात उतरला, पोटऱ्या बुडेपर्यंत. त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. तो रसाच्या करवंट्या मचाणावर मांडायला लागला, पहिली बहिणीपुढे, दुसरी बायकोपुढे. तिरोइयाला हसू यायला लागलं. ती जिंकली होती. तिला स्वतःची लाज वाटत होती, उद्या बसमध्ये चढायचं कसं हे तिला कळत नव्हतं, पण पोरगी तिथेच खांबापाशी उभी होती, फोडांसकट, आणि कुठे जाणार नव्हती. तिनं हात पुढे केला. "ये गं वर. ओली झालीस पार."

एरेती वर आली, पण आईच्या हाताशी आली नाही. ती दोघींच्या मधे, चटईवर, पाणी ठिबकत असतानाच बसली. तिनं मांडी घातली. फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि मान खाली घातली, अगदी आत्यानं घातली होती तितकीच.

"आई, मी बुबूती करते," ती म्हणाली. "आत्याचं जाणं तिला परत दे. आणि मला तिच्याबरोबर जाऊ दे."

तेबुआइ हसला. आक्कापण हसली, भरल्या तोंडानं, आणि तिच्या पाठीवर थोपटून म्हणाली, "वेडी कुठली. पोरांचं मागणं मागणं नसतं, बाळा. मोठी झालीस की माग." आणि ते खरं होतं. मुलांच्या मागण्याला कुणी बांधील नसतं, ती दिवसभर मागतात, कुणी मनावर घेत नाही. तिरोइयाही हसणार होती. पण पोरीची मान वर येईना. मानेवरचे फोड दिसत होते, ओले केस दोन बाजूंना पडले होते, आणि मधली ती बारीक मान एवढ्या मनापासून वाकली होती की तिरोइयाचं हसू तोंडातच राहिलं. म्हणजे हिला जायचं होतं. आक्काला जायचं नव्हतं, आणि आपल्याला कुणी नेणारच नव्हतं, पण हिला जायचं होतं, आणि हे आपल्या तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. हिच्याजवळून आपण आत्ता काय काढून घेतलं? आणि किती सोपेपणानं. चार शब्दांत. अजूनही देता येईल, तिच्या मनात आलं. आक्काला म्हणता येईल, परत घे, दोघी जा. आक्का भिईल, पण जाईल. पोरगी तिथे वाढेल, तिला डोंगरापलीकडचं न दिसण्याची सवय होईल, नाताळात येईल, आणि मचाणाच्या कडेला बसून विचारेल.

तिला हेही कळत होतं की आज पहिल्यांदाच ती मोकळी आहे. समोर कुणीतरी मान खाली घालून मागतंय आणि ती बांधलेली नाही. जन्मात असं झालं नव्हतं. मशीनच्या वेळी, सायकलच्या वेळी, बाउरोच्या वेळी जो शब्द कधी तोंडात आला नव्हता तो आता आला होता, जिभेवर होता, अगदी हलका. तिला त्याची भीती वाटली. तिला वाटलं, हा मी आत्ता वापरला नाही तर परत कधी येणार नाही.

"नाही," ती म्हणाली.

आक्काचा हात एरेतीच्या पाठीवर थांबला. तेबुआइनं बायकोकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे पाहिलं, ते उतरायला लागलं होतं. एरेतीनं मान वर केली नाही. मागण्याला असं उत्तर तिनं कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि हे उत्तर आहे हे तिला कळलं नाही. ती तशीच मान घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली, आई पुढे काय म्हणते ते ऐकायला.